सगळ्यांच्या जमिनीवर काय खोदायचं, हे ठरवायचं कुणी?

लास वेगासहून झायन किंवा ग्रँड कॅन्यन बघायला गाडीने निघालेल्या मराठी कुटुंबांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तासन्‌तास एकच दृश्य दिसतं. खुरटी झुडपं, कोरडे ओढे, लांबवर डोंगर, मध्येच चरणारी चार गुरं. घर नाही, शेत नाही. पडीक, बेवारस माळ असेल असं वाटून जातं. पण ती जमीन बेवारस नाही. ती अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मालकीची आहे, म्हणजे कायद्याच्या भाषेत तिथल्या सगळ्या नागरिकांची. या माळावर तेलविहीर पाडायची, लिथियमची खाण काढायची, सौरपॅनल बसवायचे की काहीच करायचं नाही, यावरून तिथे पन्नासेक वर्षं राजकारण तापलेलं आहे. मतदारसंघ, न्यायालयं, राष्ट्राध्यक्ष, आदिवासी जमाती, गुराखी आणि शिकारी असे सगळेच त्यात ओढले गेले आहेत.

आधी आवाका समजून घेऊ. अमेरिकी केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. देशाच्या एकूण क्षेत्रफळाच्या २८ टक्के. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ साडेसात कोटी एकरांच्या थोडं वर आहे, म्हणजे आठ महाराष्ट्र मावून जागा उरेल. पण ही जमीन देशभर सारखी पसरलेली नाही. नेवाडा राज्याचा सुमारे ८० टक्के भाग केंद्राचा, युटाचा ६३ टक्के, वायोमिंगचा जवळपास निम्मा. उलट पूर्वेकडच्या कनेक्टिकटमध्ये किंवा मध्यभागातल्या आयोवामध्ये हे प्रमाण एक टक्कासुद्धा नाही. वादाची बरीचशी धग या असमान वाटपातून येते. बोस्टनच्या मतदाराला सार्वजनिक जमीन म्हणजे सुट्टीत जायचं राष्ट्रीय उद्यान वाटतं. नेवाडातल्या गुरं पाळणाऱ्या माणसासाठी मात्र घराच्या कुंपणापलीकडे जे काही दिसतं ते सगळं केंद्राचं, आणि त्याचे नियम तीन हजार किलोमीटरवर वॉशिंग्टनमध्ये ठरणार.

राष्ट्रीय उद्यानं या जमिनीचा लहानसा भाग आहेत, सुमारे ८ कोटी एकर, आणि तिथे खाणकाम जवळजवळ बंदच आहे. त्यामुळे खरं भांडण उद्यानांवरून नाही. ते आहे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या खात्याच्या २४.५ कोटी एकरांवरून आणि वनखात्याच्या सुमारे १९ कोटी एकरांवरून. शिवाय जमिनीखालच्या खनिजांचा हिशेब वेगळा. बीएलएमच्या ताब्यात सुमारे ७० कोटी एकरांखालची खनिजं आहेत, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी वरची जमीन खासगी मालकाची आहे. वर तुमचं कुरण आणि खाली सरकारचं तेल अशी स्थिती असली की सरकारने दिलेल्या भाडेपट्ट्यावर कंपनी तुमच्या कुरणात यंत्रं घेऊन येऊ शकते.

एवढी जमीन सरकारकडे आली कशी, याचं उत्तर सुखद नाही. एकोणिसाव्या शतकात खरेदी, युद्ध आणि तह यांतून पश्चिमेचा मुलूख अमेरिकेने मिळवला आणि तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या जमातींना रेटून राखीव पट्ट्यांत कोंबलं. मग ती जमीन वाटायला काढली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर देऊ केले. पाण्याच्या जागा, नदीकाठ, काळी जमीन लोकांनी उचलली. जिथे पाऊसच नाही, १६० एकरांत कुटुंब जगणार नाही, ते माळ आणि डोंगर कुणी घेतले नाहीत. ते सरकारकडे राहिले. वाटपाचं हे धोरण १९७६ मध्ये औपचारिकपणे संपलं. त्या वर्षीच्या कायद्याने ठरवलं की उरलेली जमीन आता साधारणपणे केंद्राकडेच राहील आणि बीएलएम ती अनेक उपयोगांसाठी सांभाळेल: चराई, खाण, तेल, लाकूड, शिकार, सहल, वन्यजीव, सगळ्यांसाठीच.

ऐकायला हे छान वाटतं, पण आपल्याकडचं गायरान ज्याने पाहिलं आहे त्याला यातली गोम लगेच कळेल. जमीन सगळ्या गावाची, पण एकाची गुरं, दुसऱ्याचं अतिक्रमण आणि तिसऱ्याचा प्रकल्प एकाच जागी मावत नाहीत. सगळ्यांचा उपयोग म्हणताना कुणाचा उपयोग आधी, हे कायदा सांगत नाही. ते ठरतं जुन्या नियमांनी आणि त्या त्या वेळच्या सरकारने.

माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली या जुन्या नियमांत आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

सोनं, चांदी, तांबं, युरेनियम, लिथियम अशा खनिजांसाठी आजही १८७२ चा खाण कायदा चालतो. यूलिसिस ग्रँट राष्ट्राध्यक्ष असताना, कुदळ-फावडं घेऊन डोंगरात फिरणाऱ्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून तो केला होता. तत्त्व साधं: सार्वजनिक जमिनीवर ज्याला खनिज सापडेल त्याने खुंट्या ठोकून दावा सांगावा, नोंदवावा आणि काढावं. एका दाव्यात साधारण २० एकर, आणि दावे कितीही करता येतात. आज हे दावे जगातल्या मोठमोठ्या कंपन्या शेकड्यांनी करतात. दरवर्षी थोडं शुल्क भरावं लागतं, पर्यावरणाच्या परवानग्या लागतात, खाणीनंतर जमीन सुधारण्यासाठी हमीची रक्कम ठेवावी लागते. पण जे सोनं किंवा तांबं जमिनीतून निघतं त्यावर केंद्र सरकारला रॉयल्टी मिळते शून्य. १९९४ पर्यंत तर एकरी अडीच ते पाच डॉलर भरून ती जमीनच कायमची नावावर करून घेता येत होती. १९९४ पासून संसद दरवर्षी त्यावर स्थगिती घालत आली आहे, मूळ तरतूद मात्र पुस्तकात तशीच आहे. कायदा बदलायचे प्रयत्न अनेकदा झाले आणि पश्चिमेकडच्या दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी ते रोखले.

तेल, वायू आणि कोळसा यांचं वेगळं आहे. त्यांच्यासाठी १९२० चा भाडेपट्टा कायदा. इथे खुंटी ठोकून चालत नाही, लिलाव होतो. कंपन्या आपल्याला हवे ते तुकडे सुचवतात, बीएलएम तपासून यादी लावते, बोली लागते, आणि जिंकणाऱ्याला दहा वर्षांचा पट्टा मिळतो. तेल निघालं तर रॉयल्टी. ती शंभर वर्षं साडेबारा टक्के होती. २०२२ मध्ये बायडेन यांच्या काळात ती १६.६७ टक्के झाली आणि जुलै २०२५ च्या ट्रम्प यांच्या मोठ्या अर्थविधेयकाने पुन्हा साडेबारावर आली. कोळशाची रॉयल्टी त्याच विधेयकाने काही वर्षांसाठी ७ टक्क्यांवर आणली. या पैशातला साधारण निम्मा वाटा ज्या राज्यात उत्पादन होतं त्या राज्याला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे पक्षांच्या सरळ रेषा वाकतात. न्यू मेक्सिकोत सत्ता डेमोक्रॅटिक पक्षाची, पण राज्याच्या शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात तेल-वायूच्या पैशावर चालतो. तिथल्या नेत्याला सार्वजनिक जमिनीवरचं तेल बंद करा असं म्हणणं परवडत नाही.

लिलाव कसा चालतो हे एका जुन्या प्रसंगातून स्पष्ट दिसतं. १९ डिसेंबर २००८. बुश सरकारचे शेवटचे आठवडे. सॉल्ट लेक सिटीत बीएलएमने तेल-वायूच्या पट्ट्यांचा लिलाव ठेवला होता, त्यातले काही तुकडे आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या उद्यानांच्या जवळचे. तेव्हा कमीत कमी बोली होती एकरी दोन डॉलर. टिम डीक्रिस्टोफर नावाचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी निषेध करायला आला, दारात त्याला बोली लावणार का असं विचारलं गेलं, तो हो म्हणाला आणि त्याच्या हातात ७० क्रमांकाची पाटी आली. आधी त्याने दुसऱ्यांच्या बोली चढवल्या. मग जिंकायलाच लागला. सुमारे २२,५०० एकरांचे १४ तुकडे, किंमत अठरा लाख डॉलरच्या आसपास, आणि खिशात पैसे नाहीत. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. पण मधल्या काळात न्यायालयाने त्या लिलावातले ७७ पट्टे तात्पुरते रोखले आणि मग ओबामांच्या नव्या मंत्र्यांनी ते रद्द केले, कारण त्यांची पर्यावरणीय तपासणीच धड झालेली नव्हती. त्या मुलाने कायदा मोडला हे खरं. आणि तो ज्या लिलावात घुसला होता त्याचा पायाच कच्चा होता, हेही न्यायालयात दिसलं.

पट्टा दिला म्हणजे लगेच विहीर होते असंही नाही. तेल-वायूसाठी दिलेल्या एकरांपैकी सुमारे निम्म्यांवर उत्पादन नसतं. कंपन्या पट्टे जवळ ठेवून भाव वाढायची वाट बघतात. आणि कधीकधी सरकारने दार सताड उघडलं तरी कुणी येत नाही. अलास्काच्या आर्क्टिक वन्यजीव अभयारण्यात तेल काढू द्यावं की नाही यावर चाळीस वर्षं भांडण झालं. २०१७ च्या कायद्याने दोन लिलाव सक्तीचे केले. पहिल्यात, जानेवारी २०२१ मध्ये, जेमतेम दीड कोटी डॉलरच्या आत बोली आल्या, त्याही मुख्यतः राज्य सरकारच्याच एका संस्थेच्या. दुसऱ्यात, जानेवारी २०२५ मध्ये, एकही नाही. कोळशाचंही तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोंटानातल्या १६.७ कोटी टन कोळशासाठी एकच बोली आली, १ लाख ८६ हजार डॉलरची. टनाला एक सेंटसुद्धा पडत नाही. सरकारला ती नाकारावी लागली. राजकीय भाषणांत ज्या खजिन्याचं वर्णन असतं तो बाजाराला दरवेळी हवा असतोच असं नाही.

आता स्वच्छ ऊर्जा. सौर आणि पवन प्रकल्पांना ना खुंटीचा कायदा लागू, ना तेलाचा पट्टा. त्यांना जमीन वापरायचा परवाना मिळतो आणि ते भाडं भरतात. २०२० च्या ऊर्जा कायद्याने २०२५ पर्यंत सार्वजनिक जमिनीवर २५ गिगावॉटच्या प्रकल्पांना परवानगी देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं, ते २०२४ मध्येच पूर्ण झालं. डिसेंबर २०२४ मध्ये बीएलएमने ११ पश्चिमी राज्यांत सुमारे ३.१ कोटी एकर सौरप्रकल्पांसाठी अर्जाला खुले ठेवले.

इथेच एक विलक्षण तडजोड आहे, जी फार लोकांना ठाऊक नसते. २०२२ चा हवामान कायदा, ज्यात स्वच्छ ऊर्जेला इतिहासातली सगळ्यात मोठी मदत मिळाली, तो सिनेटमध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मॅन्चिन यांच्या एका मतावर अडला होता. त्यांनी अट घातली: पुढची दहा वर्षं सार्वजनिक जमिनीवर सौर-पवन परवाने द्यायचे असतील, तर आधी तेल-वायूचे लिलाव झालेले असले पाहिजेत आणि त्याआधीच्या वर्षभरात साधारण २० लाख एकर तेल-वायूसाठी देऊ केलेले असले पाहिजेत. म्हणजे सौरपॅनलला परवाना देण्यासाठी तेलाचा लिलाव करणं कायद्यानेच भाग पडलं. बायडेन यांनी निवडणुकीत सार्वजनिक जमिनीवर नवं तेल नको म्हटलं होतं, आणि त्यांच्याच काळात तिथलं तेल उत्पादन विक्रमी पातळीवर गेलं. अलास्कातल्या विलो तेलप्रकल्पाला मार्च २०२३ मध्ये परवानगी त्यांच्याच सरकारने दिली.

स्वच्छ ऊर्जेबद्दल मला स्वतःला आस्था आहे. कोळशाचा धूर थांबला पाहिजे यात शंका नाही. म्हणूनच तिच्या बाजूने बोलताना दोन गोष्टी लपवू नयेत असं वाटतं.

पहिली, सौरप्रकल्प जमीन पूर्ण व्यापतो. तेलविहिरींच्या मधून गुरं चरू शकतात, सौरप्रकल्पाला मात्र कुंपण पडतं. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातला इव्हानपा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू झाला, साडेतीन हजार एकरांवर, तीन उंच मनोरे आणि लाखो आरसे. त्यासाठी वाळवंटी कासवं उचलून दुसरीकडे न्यावी लागली आणि मनोऱ्याभोवतीच्या उष्णतेत पक्षी होरपळले. पुढे पॅनलचं तंत्र इतकं स्वस्त झालं की असे मनोरे मागे पडले.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. बॅटऱ्या, तारा, मोटारी यांना लिथियम आणि तांबं लागतं, आणि ते येतं १८७२ च्या कायद्याखालून. नेवाडाच्या उत्तर टोकाला थॅकर पास नावाची खिंड आहे. एका प्राचीन ज्वालामुखीच्या विवरातली माती, तिच्यात लिथियम. खाणीला मंजुरी मिळाली जानेवारी २०२१ मध्ये, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांत. बायडेन सरकारने ती न्यायालयात राखली आणि वर सुमारे सव्वादोनशे कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. ट्रम्प परत आले आणि सरकारने कंपनीत पाच टक्के हिस्सा घेतला. मातीतून लिथियम सोडवायला गंधकाम्ल लागतं, आणि पाणी लागतं, तेही देशातल्या सगळ्यात कोरड्या राज्यात. पायूट आणि शोशोनी लोकांसाठी ही खिंड पूर्वजांची जागा आहे. १८६५ मध्ये घोडदळाने आपल्या माणसांची इथे कत्तल केली, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ते न्यायालयात गेले. २०२३ मध्ये न्यायालयांनी खाण थांबवायला नकार दिला. दोन पक्ष, तीन कारकिर्दी, आणि त्या लोकांच्या दृष्टीने उत्तर प्रत्येक वेळी तेच आलं.

ॲरिझोनात ओक फ्लॅटचं तसंच. टोंटो राष्ट्रीय वनातली अपाची लोकांची पवित्र जागा, मुलींच्या वयात येण्याचे विधी जिथे होतात. १९५५ मध्ये आयझेनहॉवर सरकारने ती खाणकामाला बंद केली होती. खाली तांब्याचा प्रचंड साठा, आणि तो हवा आहे रिओ टिंटो आणि बीएचपी यांच्या संयुक्त कंपनीला. डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात जमीन अदलाबदलीचं कलम घुसवण्यात आलं. ज्या पद्धतीने तांबं काढायचं आहे तिच्यामुळे अखेरीस तिथे सुमारे तीन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपाचींची याचिका ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती गोर्सच यांनी त्याविरुद्ध लिहिलं. ते पुराणमतवादी गटातले आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं.

अर्थात सगळ्या जमाती एका बाजूला असतात असं धरून चालणंही चूक. आर्क्टिकमध्ये रेनडिअरच्या कळपावर जगणारे ग्विचिन लोक तेलाच्या विरोधात आहेत, तर किनाऱ्यावरच्या काक्टोविक गावातले इनुपियाक बहुतांशी बाजूने, कारण दवाखाना, शाळा, नळ हे त्यांना तेलाच्या पैशातून मिळतं. मोंटानातल्या कोळशाची ती नाकारलेली बोली नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे नवाहो जमातीच्या स्वशासनाच्या, मालकीच्या कंपनीचीच होती.

मग पवनचक्क्यांना विरोध करणारे कोण? आयडाहोतला लावा रिज प्रकल्प घ्या. शेकडो पवनचक्क्या, बीएलएमच्या माळावर. जवळच मिनिडोका, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १३ हजार अमेरिकनांना जिथे डांबून ठेवलं होतं ती छावणी, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. छावणीतून वाचलेले लोक आणि त्यांची मुलं-नातवंडं म्हणाली, त्या ओसाडपणातच आमच्या माणसांचं दुःख आहे, तिथे क्षितिजभर पाती फिरू नयेत. गुराख्यांना चराईची चिंता. रिपब्लिकन नेत्यांना पवनऊर्जाच नको. तिघांची कारणं वेगळी, मागणी एक. बायडेन सरकारने संख्या कमी करून, चक्क्या लांब सरकवून डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी तिला स्थगिती आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द.

हा झोका जुना आहे. युटातल्या बेअर्स इअर्सला ओबामांनी २०१६ च्या शेवटी १३.५ लाख एकरांचं राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संरक्षित प्रदेश केलं, ट्रम्प यांनी वर्षभरात ते सुमारे ८५ टक्क्यांनी छाटलं, बायडेन यांनी २०२१ मध्ये परत जोडलं. खाण चालवणाऱ्यालाही यात सुख नाही, कारण खाण उभी राहायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि धोरण चार वर्षांनी फिरतं.

एका प्रश्नावर मात्र पश्चिमेतले लोक पक्ष विसरून एकत्र आले. जून २०२५ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी घरबांधणीसाठी २० लाखांहून जास्त एकर विकायला काढण्याची तरतूद अर्थविधेयकात घातली. शिकारी, गळ टाकणारे, घोड्यावरून फिरणारे, मोंटाना आणि आयडाहोचे रिपब्लिकन लोकप्रतिनिधी, सगळे तुटून पडले. महिना संपायच्या आत ली यांनी ती मागे घेतली. या जमिनीवर काय करावं यावर त्यांचं एकमत नाही, पण ती हातची जाऊ नये यावर आहे.

सध्या खरी लढाई वेळेवरून चालू आहे. १९७० पासून मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणीय परिणाम तपासणं आणि साधारणपणे लोकांच्या हरकती ऐकणं ही रीत आहे. ती फार लांबते ही तक्रार रास्त आहे, आणि सौरकंपन्याही ती करतात. एप्रिल २०२५ मध्ये बीएलएम ज्याच्या अखत्यारीत येतं त्या इंटीरियर खात्याने ऊर्जा आणीबाणीचं कारण देऊन तेल, कोळसा, युरेनियम आणि महत्त्वाच्या खनिजांसाठी तपासणीची मुदत १४ दिवस, मोठ्या प्रकल्पांना २८ दिवस अशी केली. सौर आणि पवन यांना ही सवलत दिली नाही. उलट जुलै २०२५ मध्ये त्यांच्या परवान्यांच्या प्रत्येक टप्प्यावर खात्याचे मंत्री डग बर्गम यांच्या कार्यालयाची मंजुरी सक्तीची केली.

या नव्या वेगाने पहिली सुटली ती युटाच्या सॅन वॉन काउंटीतली वेल्व्हेट-वुड युरेनियम खाण, मे २०२५ मध्ये, ११ दिवसांत. खाण जुनीच आहे, भूमिगत आहे, नव्याने खणायची जमीन थोडी आहे, हे मान्य. पण याच काउंटीचा दक्षिण भाग नवाहोंच्या राखीव प्रदेशात येतो, आणि त्या प्रदेशात शीतयुद्धाच्या काळात खणून तशाच सोडलेल्या युरेनियमच्या खाणी ५०० हून अधिक आहेत. त्यांच्या धुळीत आणि पाण्यात दोन पिढ्या आजारी पडल्या आणि सफाई अजून चालू आहे. मैलोन्‌मैल विखुरलेल्या त्या वस्त्यांत कित्येक घरांना आजही नळ नाही. तिथल्या माणसाने तांत्रिक इंग्रजीतला अहवाल मिळवायचा, कुणाकडून तरी समजून घ्यायचा, विहिरीच्या पाण्याबद्दलची आपली शंका लिहून पाठवायची, आणि हे सगळं ११ दिवसांत.